शेजारच्या कॉलेजातल्या ॲनिमल हाउसच्या काकांना

काका, शि. सा. न.

त्या रविवारी आमचा डीप फ्रीजर बंद पडला. आत उंदरांच्या यकृताचे नमुने. विभागातल्या मोठ्या माणसांना फोन केले. एकजण म्हणाले, "सोमवारी बघू." दुसऱ्यांनी मेकॅनिकचा नंबर दिला, तोही बंद.

सोमवारपर्यंत उरलं काय असतं? आमच्या उंदरांना दिलेलं डायइथाइलनायट्रोसअमाइन, हे यकृताचा कर्करोग आणणारं रसायन, पोटात गेलं की त्याला घातक रूप देतात ती यकृतातलीच सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्स. पुढे गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे एन्झाइम, जे मोठ्या उंदराच्या निरोगी यकृतात नावापुरतंच असतं, ते ठिकठिकाणी वाढतं. ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे दुसरं एन्झाइम त्याच जागी ओसरतं. कर्करोगाची गाठ दिसायच्या कितीतरी आधी. पण नमुनाच खराब झाला तर मोजणार काय? पी-४५० बिघडून पी-४२० होतं. प्रथिन तिथंच, काम शून्य.

आमच्याशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं. तरी सुट्टीच्या दिवशी चावी घेऊन आलात, तुमच्या फ्रीजरात जागा केलीत. तेवढ्यानंही मी ऋणी राहिले असते. पण राहून राहून आठवते ती तुमची पेन्सिल. नळ्यांवरची मार्करची अक्षरं ओलाव्यानं फिसकटत होती. रसायन दिलेला उंदीर कुठला, न दिलेला कुठला, हेच कळलं नसतं तर सगळं मुसळ केरात. तुम्ही बर्फाच्या पेटीतून एकेक नळी काढून पुसलीत, कागदी पट्टी लावलीत, मी वाचला तो नंबर पेन्सिलीनं लिहिलात आणि परत मला मोठ्यानं वाचून दाखवलात. बोटं लाल झाली होती तुमची. मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणालात, "जीव गेलेत त्यांचे. हिशेब तरी नीट राहू दे."

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीच्या फॉर्मची एवढी पानं मी भरली, त्यात हे वाक्य कुठं नाही! आमच्याकडे नावापुढे पदव्यांची रांग असलेली माणसं पुष्कळ आहेत. सुट्टीच्या दिवशी चप्पल घालून निघणारं माणूस मात्र मला शेजारी मिळालं.

थीसिस सादर झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव विभागप्रमुखांच्या वर आहे. कुरकुर झाली, मी बदललं नाही.

आणि हो, ही उंदरांना दिली तसली नायट्रोसअमाइनं असतात कुठं, असं तुम्ही विचारलं होतंत. त्यांतली काही तंबाखूत असतात, म्हणजे मिश्रीतही. तुमच्या आई अजून लावतात का? या वेळी माझं नाव सांगून डबी काढून घ्या.

तुमची,
नळ्यावाली