हप्ता भरूनही महिना आमचाच राहिला

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

नव्या घरात आता सगळे ऋतू पाहून झाले. पावसाळ्यात भिंतींना ओल आली नाही, उन्हाळ्यात झोपायची खोली रात्री तापलेली नव्हती आणि महिनाअखेरीला पैशांची ओढाताणही झाली नाही. म्हणून आज पूर्ण खात्रीने तुमचे आभार मानते आहे. तेही सगळ्यांसमोर, कारण तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते घर शोधणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे आणि तुम्ही स्वतःहून ते कुणाला सांगत बसणार नाही.

तुमची सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. आम्ही तुमच्याकडे आलो ते आमच्या पगारावर जास्तीत जास्त किती कर्ज बसेल हे विचारायला. तुम्ही वही पुढे ओढलीत आणि विचारलंत, "हप्ता भरल्यावर महिन्याभरात काय काय करायचंय तुम्हाला?" मग आईबाबांची औषधं, यांचा गाण्याचा क्लास, माझी पुस्तकं, वर्षातून एखादा प्रवास, अडीअडचणीची शिल्लक, सगळं आमच्याकडून वदवून लिहून घेतलंत. तो खर्च पगारातून वजा केलात आणि उरलेल्या आकड्याखाली रेघ मारून म्हणालात, "हा तुमचा हप्ता. बँक याहून जास्त देईल, ते घ्यायचं नाही." घराच्या किमतीशेजारी नोंदणीचा खर्च, वकिलाची फी, डागडुजी, सामानाची हलवाहलव, विमा आणि दर महिन्याचा देखभाल खर्च यांचे रकाने आधीच आखलेले होते. ते भरेपर्यंत तुम्ही आम्हाला एकही घर बघू दिलं नाहीत.

त्या संध्याकाळी केलेली आकडेमोड मी आता सगळ्यांना सांगत असते. 20 वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या हप्त्यातले सहापैकी पाच भाग व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम एक भाग. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा पैसा सगळ्यात जास्त कामाला येतो. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरत राहिलं, तर हेच कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. बदलत्या व्याजदराचा धोकाही तुम्ही तेव्हाच दाखवलात. कर्ज नवं असताना दर 9 वरून 11 झाला, तर हप्ता साधारण 15 टक्क्यांनी वाढतो. जुनाच हप्ता भरत राहायचं म्हटलं, तर त्यातून महिन्याचं व्याजसुद्धा पुरतं फिटत नाही, मुद्दल उलट वाढत जाते. इतकं स्पष्ट आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. वाढलेला हप्ताही झेपेल, एवढीच उडी आम्ही घेतली.

पण काकू, माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं देणं वेगळंच आहे. आम्हाला घर हवं होतं त्या या उपनगराला एवढी मागणी का, हे तुम्ही आम्हाला सुटं करून दाखवलंत. स्टेशन जवळ, नावाजलेली शाळा, बाजार हाकेच्या अंतरावर, मोठी झाडं, शांत गल्ल्या. "यातल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे घराच्या किमतीत धरलेले असतात. तुम्ही वापरणार काय, तेवढं सांगा." आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही, मग शाळेच्या फाटकासमोरच्या घराचा चढा भाव आम्ही कशासाठी द्यायचा? आणि चालायची आम्हा दोघांना मनापासून आवड, तर स्टेशनला चिकटून राहायचं तरी कशाला? या दोन प्रश्नांनी आमचा शोध उपनगराच्या आतल्या अंगाला वळला. तिथे भाव खाली आला आणि झाडं वाढली. घर थोडं लहान मिळालं, पण ज्या वस्तीत राहायचं मनात होतं, तिथेच मिळालं.

मग तुम्ही आम्हाला अवेळी पिटाळायला लागलात. ऑफिसला निघायच्या वेळी स्टेशनपर्यंत चालून बघा, रात्री उशिरा गल्लीत उभे राहा, सुट्टीच्या दिवशी गाड्या कुठे लागतात ते बघा, जोराच्या पावसात पाणी कुठे तुंबतं ते बघा. घरात शिरल्यावर सगळे नळ एकदम सोडायचे. भिंतीचा एखादाच तुकडा नव्याने रंगवलेला दिसला, तर त्यामागे ओल आहे का हे विचारायचं. दुपारनंतर कोणत्या खोलीवर ऊन येतं ते बघायचं, कारण पश्चिमेची भिंत दिवसभराची उष्णता रात्री आत सोडते. आमची झोपायची खोली पूर्वेला आहे ती याच सूचनेमुळे.

कागदपत्रांवर तर तुम्ही अडूनच बसलात. आधीच्या मालकांपासून आजच्या मालकापर्यंतची मालकीची साखळी कुठे तुटते का, घरावर बोजा, म्हणजे कुणाचं कर्ज किंवा हक्क, आहे का, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का. मोठ्या खिडक्यांचं ते देखणं घर आम्हाला दोघांनाही फार आवडलं होतं. तिथली एक अख्खी खोली नकाशात नव्हतीच. मध्यस्थ मात्र संध्याकाळी दुसरी पार्टी चेक घेऊन येतेय, असं सांगून आत्ताच टोकन, म्हणजे इसाराची रक्कम, द्या म्हणत होता. तुम्ही फोनवर शांतपणे म्हणालात, "येऊ दे की. देऊ दे त्यांना." एवढ्या दोन वाक्यांनी आमच्यावरचं दडपण उतरलं आणि आम्ही तिथून निघालो. पुढे जे घर घेतलं, त्यावर विकणाऱ्यांचं कर्ज बाकी होतं. आमच्या पैशांतून आधी त्यांचं कर्ज मिटवायचं, बँकेकडून मूळ कागदपत्रं आणि येणं बाकी नसल्याचं पत्र घ्यायचं आणि मगच उरलेली रक्कम त्यांच्या हाती द्यायची, हा क्रम तुम्ही करारातच लिहायला लावलात. सगळं विनातक्रार पार पडलं.

आता इथलं जगणं सांगते, कारण तुम्हाला त्याचंच जास्त अप्रूप आहे. सकाळी स्टेशनपर्यंतची वाट जवळजवळ पूर्ण सावलीतली आहे. संध्याकाळी परतताना वाचनालय उघडं असतं. यांचा गाण्याचा क्लास चालू आहे आणि आवाज मोकळा व्हायला लागलाय. घरी माणसं येतात, राहतात. पूर्वी महिन्याच्या शेवटी कुणाला बोलवायचं म्हटलं की मी मनात हिशेब करायचे, आता तो करावा लागत नाही. आमच्याच वयाचे काही जण इथे मोठ्या घरांत राहतात, पण हप्त्यापायी सुट्टीच्या दिवशीही जादा काम करतात. त्यांच्या दारावरून जाताना मला तुमची वही आठवते आणि मनापासून वाटतं, यांनाही तेव्हा कुणी भेटायला हवं होतं.

या वर्षीचा जादा हप्ता भरला आहे. बँकेकडून मुद्दल कमी झाल्याचं पत्रक आलंय, ते तुम्हाला दाखवायला जपून ठेवलंय.

आणि एक काम आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीने ठेकेदारांकडून अंदाजपत्रकं मागवली आहेत. सगळ्यात स्वस्त ठेकेदार हमी द्यायला तयार नाही, आणि ज्याची हमी आहे त्याने अर्ध्याहून जास्त रक्कम आगाऊ मागितली आहे. पुढच्या सभेत मला यावर बोलायचंय. त्याआधी एक दिवस सवडीने या, कागद काढून ठेवते. राहायच्या तयारीनेच या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची जुनी शेजारीण