बाबा, गणपती दीड दिवसाचा करायच्या आधी एवढं वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले की यंदापासून गणपती दीड दिवसाचाच ठेवूया, देवाला गाऱ्हाणं घालून सांगितलं की झालं. मी तेव्हा हो हो केलं पण तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, आणि फोनवर बोलायला गेले तर रडू येणार, मग आई लगेच "बरं बाई, राहू दे" म्हणणार, म्हणून लिहितेय.

लहानपणी मला गणपती म्हणजे नुसती भावंडं. कोकण रेल्वे नव्हती तेव्हा, परळहून रात्रीची एसटी, कशेडी घाटात मला हमखास उलटी, आणि सकाळी कुडाळला उतरलं की सगळं विसरायचं. गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायला हरणं, कवंडळं असली रानफुलं-फळं आणायला पावसात रान तुडवायचो, रात्री भजन, भजनाला काळ्या वाटाण्याची उसळ, झोपायला जागा नसायची तरी मजा. आई त्यात कुठे होती ते मला आठवतच नाही. चुलीपाशीच असणार.

मग अकरावी-बारावीत ते सगळं नकोसं झालं, मैत्रिणी लालबागला फिरतायत आणि मी इथे "कितवीला गं तू" ऐकत बसलेय असं वाटायचं. आई, तू तेव्हा एकदाही ओरडली नाहीस, माळ्यावर पुस्तक घेऊन बसू दिलंस. आता तुमची नात तश्शीच करते, रेंज नाही म्हणून तोंड फुगवते, मनाला लावून घेऊ नका, मीपण तिला काही बोलत नाही.

लग्न झालं आणि परत सगळं बदललं. पहिल्या वर्षी सासरी आरतीला उभी होते, सगळे प्रेमाने वागत होते, पण आरतीची चाल वेगळी होती आणि मला आपलं खळं दिसत होतं. सासरचा गणपती दीड दिवसाचा, म्हणून तर जमतं, तिकडचं विसर्जन आटोपून ट्रेन पकडायची आणि गौर यायच्या आत घरी पोचायचं. गौर अनुराधा नक्षत्रावर येते म्हणून कधी तिसरा दिवस कधी चौथा-पाचवा, मी नवीन कालनिर्णय आलं की आधी तेच पान बघते. रिझर्वेशन पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं आता 60 दिवस, सकाळी 8 ला उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं, तरी मी बसते. आता तुमचाही दीड दिवसाचा झाला तर मी पोचेपर्यंत मखर रिकामं. यात माझा स्वार्थ आहे, आहेच.

पण आईचे गुडघे मलाही दिसतात. गेल्या वर्षी खुर्चीत बसून मोदक वळत होतीस, अंगठा तेलपाण्यात बुडवून पारी दाबताना हात कापत होता, आणि तरी कळ्या सगळ्या सारख्या. मला बघवलं नाही, आणि नजरही हटत नव्हती.

म्हणून सांगते. मोदक नैवेद्याचे 21, बास, पाहुण्यांना नाहीत मिळाले तरी चालेल. भजनाची उसळ वाडीतल्या कुणाकडून करून घ्या, पैसे मी देते. मूर्ती लहान सांगा, बाबांना एकट्याला पाटावरून उचलता येईल एवढीच. गौरीचं सगळं, अगदी भांडी घासण्यापर्यंत, मी आणि वहिनी बघू, तिच्याशी बोलणं झालंय, दादा सुट्टीचं बघतोय.

आणि तुम्हालाच आता झेपत नसेल, नको वाटत असेल, तर करा दीड दिवसाचा, मी एक शब्द बोलणार नाही. पण "पोरांची उगाच धावपळ" म्हणून करत असाल तर नका करू. आम्हाला ती धावपळ हवी आहे.

बाबा, मूर्तिकाराच्या शाळेत पाट नेऊन द्यायच्या आधी हे एकदा आईला विचारा. इतकी वर्षं किती दिवसांचा, किती पानं, सगळं तुम्हीच ठरवलंत, या वेळी तिला ठरवू दे. आई, तू मला बाबा बाजाराला गेले की फोन कर आणि खरं काय ते सांग.

तुमची,
लेक