गावच्या आठवणी लिहून घेताना: मित्रास पत्र

अंबाजोगाई

प्रिय विलास,

गावचं पुस्तक काढायचं आणि त्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करायच्या, हा तुझा बेत वाचला. बेत झकास आहे. फक्त सोबत पाठवलेली प्रश्नावली आधी बाजूला ठेव. चाळीस प्रश्न, आणि निम्म्यांची उत्तरं प्रश्नातच! 'रझाकारांनी पाटलांचा वाडा जाळला तेव्हा तुम्ही कुठं होता?' हाच बघ. जाळला हे तू सांगितलंस, रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या त्या सशस्त्र लोकांनी, हे तू सांगितलंस, वाडा पाटलांचा हेही तूच. समोरची आजी तेव्हा आठ वर्षांची. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तर ती हे सगळं डोळ्यांनी पाहिल्यागत सांगेल, आणि खोटं बोलत नसेल.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग यासाठीच वाचायचा. दीडशे जणांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? दुसऱ्याला विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा किती होता? तिसऱ्या गटाला वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'चुराडा'वाल्या पन्नासांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, 'धडकल्या'वाल्यांपैकी ७ आणि तिसऱ्या गटातले ६. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो. तुझ्या प्रश्नात तर तीन गोष्टी आयत्या भरलेल्या आहेत.

मग विचारायचं कसं? अमेरिकेत फिशर आणि गायझलमन या दोघांनी पोलिसांना साक्षीदारांशी बोलता यावं म्हणून एक पद्धत बसवली. तिचे चार भाग. प्रसंगाची जागा, उजेड, वास, अंगातली भावना आधी मनात उभी करायला लावायची. क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगा म्हणायचं. घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायची. आणि तिथल्या दुसऱ्या माणसाच्या जागेवरून सांगायला लावायची. आपल्या कामाला पहिले दोन पुरेत. उलट क्रमाने सांगताना पंच्याऐंशीच्या माणसाला धाप लागते, आणि चौथ्यात कल्पना फार शिरते. तेव्हा सुरुवात अशी कर: 'तवाचं घर कसं होतं, दार कुणीकडं होतं, चूल कुठं होती, सांगा की.' दारापाशी आलेलं माणूस पुढं आपोआप ओसरीवर येतं. ते बोलायचं थांबलं की तू लगेच बोलू नकोस. मनात दहापर्यंत मोज. निम्म्या वेळा खरी गोष्ट त्या दहानंतरच येते. 'मग?' आणि 'अजून काय?' एवढ्या दोन प्रश्नांवर पहिली बैठक निघाली पाहिजे. नेमके, टोकदार प्रश्न दुसऱ्या बैठकीला.

हे एवढं ताणून सांगतोय कारण पहिलं सांगणं एकदाच मिळतं. प्रत्येक वेळी आठवताना माणूस ती आठवण नव्याने जुळवतो, आणि जुळवताना आताचं सामान वापरतो. फ्रेडरिक बार्टलेटचं 'रिमेम्बरिंग' (१९३२) या एका मुद्द्यावर उभं आहे. त्याने केंब्रिजमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा लिहून काढायला सांगितली. कथा आखूड होत गेली, सीलची शिकार जाऊन साधी मासेमारी आली, होडगं जाऊन बोट आली, आणि जे इंग्रजी मनाला विचित्र वाटत होतं ते गळालं. कुणी मुद्दाम केलं नाही. आपल्याकडे उलट दिशेनेही होतं. दरवर्षी १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या, झेंडावंदनाला भाषणं ऐकून ऐकून गावोगावच्या आठवणी एकाच साच्याच्या झाल्यात. एखादा आजोबा अगदी छापील भाषेत बोलायला लागला, 'जुलमी निजामी राजवट' वगैरे, की समजायचं हे भाषणातलं आहे. अडवू नकोस, संपू दे, आणि मग विचार, 'त्या दिवशी घरी खायला काय होतं?'

आणखी एक फसगत म्हणजे खात्री. माणूस शपथेवर सांगतो म्हणून ते खरं धरू नये. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटलं. उल्रिक नाइसरने दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं, कशी, कुणाकडून कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांचं एकही उत्तर जुळलं नाही, तरी आपलं बरोबर असल्याची खात्री पुष्कळांना होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. किल्लारीच्या भूकंपाबद्दल तुला हा अनुभव हमखास येईल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री विसर्जन: एवढा सांगाडा सगळ्यांचा पक्का असतो. पण कोण कुणाच्या शेजारी झोपलं होतं, कुणी कुणाला ओढून काढलं, यात एकाच घरातल्या तिघांचं तीन तऱ्हेचं निघतं. तिन्ही लिहून घे.

आता तारखा. तारीख कधीच थेट विचारू नकोस. आधारकार्डावरच्या जन्मतारखेवर तर मुळीच विसंबू नकोस. आपल्याकडे त्या पिढीतला निम्मा गाव १ जूनला जन्मलेला असतो, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेला. वय काढायचं ते दुसऱ्या खुणांनी. पोलीस ॲक्शनच्या वेळी थोरला पोटात होता की कडेवर? लगीन झालं होतं का? गणपती बसले होते का? भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली ते १३ ते १७ सप्टेंबर १९४८ चे दिवस गणपतीतलेच, १७ तारीख शुक्रवारची, अनंत चतुर्दशीच्या सुमाराची. शेताची खूण याहून बरी: मूग-उडीद निघाले होते का, ज्वारी केवढी होती? ज्वारीची सुगी चालली होती असं कुणी म्हणालं तर तो प्रसंग दुसरा आहे, बहुधा नंतरचा. आणि तिशीच्या आतल्या गोष्टी, विशेषतः पंधरा ते पंचवीस वयातल्या, सगळ्यांनाच जास्त आठवतात, त्यामुळं 'आमच्या वेळी'चा काळ नेहमी फुगलेला दिसेल. तीन-साडेतीन वर्षांच्या आतलं स्वतःचं बहुधा कुणालाच आठवत नाही. १९४५ नंतर जन्मलेल्याने रझाकारी 'पाहिली' म्हटलं तर ते आईकडून ऐकलेलं आहे. तेही घे, पण समोर 'ऐकीव' अशी नोंद कर.

कागद सापडला तर साल फसली, म्हणजे निजामी महसुली कालगणनेतलं, असेल. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला अजूर महिन्याने लागायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे १३५७ फसली हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, अगदी आपल्या कामाचं वर्ष. सरसकट ५९० मिळवून पोलीस ॲक्शन १९४७ सालात नेऊन बसवणारे महाभाग आहेत. पैशाचंही तसंच. म्हातारी माणसं आकडा सांगतात तो हाली शिक्क्यातला (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजी रुपया), हे विचारून घे. सात हाली म्हणजे सहा कलदार. बैल, सोनं, सालगड्याचं साल, सगळ्या आकड्यांत हा फरक बसतो.

मात्र चुकलेली तारीख खोडून दुरुस्त करू नकोस. इथं आलेस्सांद्रो पोर्तेल्लीचं 'द डेथ ऑफ लुईजी ट्रास्तुल्ली' वाच. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ ला पोलिसांच्या गोळीबारात मेला. निमित्त होतं नाटो कराराच्या निषेधाचा मोर्चा. पण गावात बहुतेकांनी पोर्तेल्लीला सांगितलं ते १९५३ चं, कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातलं. पोर्तेल्लीने चूक झाकली नाही, तिचाच माग काढला. कपातीवेळी गावाची मान खाली गेली होती, आणि या मरणाला शोभेल असा मोठा लढा तोच होता, म्हणून मरण तिकडं सरकलं. तुझ्या पुस्तकातही असं कर: मजकुरात माणसाने सांगितलेली तारीख, खाली टीपेत कागदावरची. माझ्या मते या विषयावरचं एकच पुस्तक वाचायचं झालं तर हेच. बार्टलेटचे मधले प्रकरण-दोन प्रकरण सोडले तर बाकी चाळलं तरी चालेल.

बायकांकडं वेगळं जा. पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत, आणि बोलल्या तर घरातला पुरुष मध्येच वाक्य पुरं करतो. उर्वशी बुटालियांचं 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' (१९९८) फाळणीवरचं आहे, तरी घरात गप्प ठेवलेल्या गोष्टी कशा ऐकायच्या ते त्यातून कळतं. बोलणं अडलं की ओवी मागून बघ. हात जात्याच्या खुंट्यावर असल्यागत फिरवायला लाव, चार ओव्या सुटतात. डेव्हिड रुबिनने 'मेमरी इन ओरल ट्रॅडिशन्स' (१९९५) मध्ये हे का होतं ते उलगडलंय: यमक, लय आणि अर्थ तिन्ही मिळून पुढच्या शब्दाला पर्यायच फार थोडे ठेवतात, त्यामुळं शब्द निसटत नाही. गद्य आठवणीला तसा आधार नसतो. पण ओवीतही भावाचं, लेकराचं, गावाचं नाव गाणारी आपलं घालते, म्हणून तिच्यातून तारीख काढायला जाऊ नकोस. घरात कोण लाडकं होतं आणि सासर कसं होतं, ते मात्र ती नेमकं सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. त्यांत आपल्याकडच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्याही आहेत, आंबेडकरांवरच्या. त्या आधी ऐक.

आणि एकाच आळीत बसू नकोस. १९४८ च्या अखेरीला पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसेची पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. तुझा औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच. रझाकारीची आठवण वेशीवर मिळेल, ही दुसरी मिळायला मशिदीमागच्या घरांत सहा-सात वेळा नुसतं चहाला जावं लागेल. महारवाड्यातली तिसरीच असेल. छापण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखव, आणि नाव नको म्हणाले तर नाव काढ.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. मोबाइल विमान मोडवर, स्टीलच्या टेबलावर नाही, घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर. पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात बसूच नकोस, आवाज वाया जातो. बैठक तासाच्या आत, शक्यतो सकाळी न्याहरीनंतर. सुरुवातीलाच स्वतःच्या आवाजात गाव, तारीख, नाव आणि 'लिहून छापलं तर चालेल का?' हे विचारून उत्तर रेकॉर्ड कर. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत. एका तासाचं उतरवायला पाच-सहा तास धर. उतरवताना 'गेलतो', 'आलती', 'करायलाव' तसंच ठेव. तुझ्यातला शिक्षक तिथं 'गेलो होतो' करायला धावेल, त्याला आवर. कच्चं उतरवणं आणि छापायचा मजकूर या दोन वेगळ्या वह्या.

पोर्तेल्ली आणि बुटालिया पुढच्या आठवड्यात लातूरला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. पोर्तेल्लीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नकोस. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांची नावं आधी काढ, आणि त्यांतही ज्यांना अजून कुणी मुलाखतीला गाठलेलं नाही ती सर्वात वर. पहिली बैठक झाली की उतरवण्याआधी रेकॉर्डिंग तसंच पाठव. तू कुठं मध्ये बोललास तेवढं ऐकून कळवतो.

तुझा,
अशोक