नव्या मोटारीची दुसरी चावी न मिळाल्याबाबत तक्रार

दिनांक: १३ जून २०२२

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

महोदय,

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला, म्हणजे १३ एप्रिल २०२१ रोजी, आपल्या रत्नागिरीच्या शोरूममध्ये मी मोटारीची नोंदणी केली, तेव्हा दसऱ्याला गाडी दारात येईल असा शब्द मला देण्यात आला होता. गाडी मिळाली ती यंदाच्या पाडव्याला, २ एप्रिल २०२२ रोजी, आणि तीही एकाच चावीनिशी. डिलिव्हरीच्या कागदावर विक्री प्रतिनिधीने बॉलपेनने ‘दुसरी चावी नंतर’ एवढे तीन शब्द लिहिले. त्यावर ना तारीख, ना शिक्का. पैसे मात्र वाढीव दराने आणि पुरते घेतले.

त्यानंतर केलेल्या प्रत्येक फोनला ‘चिपचा तुटवडा आहे’ हेच उत्तर मिळते. ही इलेक्ट्रॉनिक चिप गाडीत लागते, तशी चावीतही लागते. तुटवडा खरा आहे, हे मला मान्य आहे. माझा भाचा चाकणला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या विजेच्या तारांच्या जुडग्यांच्या, कारखान्यात आहे. मोटार कंपनीकडे एक चिप पोहोचली नाही की तिची लाइन थांबते आणि मग हार्नेस, सीट, काचा पुरवणाऱ्यांच्याही पाळ्या बंद होतात, हे त्याच्या बुडालेल्या ओव्हरटाइमवरून आम्हाला घरबसल्या समजले.

तथापि, २०२० च्या टाळेबंदीत चिपच्या मागण्या मोटार कंपन्यांनीच रद्द केल्या होत्या, आणि चिप कारखान्यांत मोकळी झालेली ती जागा लॅपटॉप व मोबाइल बनवणाऱ्यांनी घेतली. चिप तयार व्हायला तीन महिने आणि कधी त्याहून अधिक लागतात. जानेवारीत सौदा मोडणाऱ्याला एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या हक्काने मागता येत नाहीत, हे आम्हा बागायतदारांना कोणी शिकवावे लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळाने ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले आणि १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. माझी नोंदणी त्या आगीनंतर पंचवीस दिवसांनी झाली. तेव्हा दसऱ्याचा शब्द आपण कशाच्या भरवशावर दिलात?

तरीही उशीर मी सोडून देतो. चावीचे तसे नाही. २३ मे रोजी माझा मुलगा चुकून चावी खिशात टाकून फेरीबोटीने धोपाव्याहून दाभोळला गेला आणि त्याच दुपारी पत्नीला चिपळूणच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. नवी कोरी गाडी अंगणात उभी असताना आम्ही शेजाऱ्यांच्या रिक्षाने गेलो. तेव्हापासून ती चावी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सुंभाने बांधून दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात बिजागऱ्यासुद्धा दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे या रिमोटचे काय होईल हे सांगायला नको. चावीतली चिप इमोबिलायझरला, म्हणजे गाडीतल्या चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, ओळखता आली नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. उद्या गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागेल. त्यांना मी ते तीन शब्द दाखवायचे काय?

तरी दुसरी चावी कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे मला सही-शिक्क्यानिशी लेखी कळवावे. तोपर्यंत एकच चावी दिली असल्याचे पत्र विमा कंपनीच्या नावे द्यावे, आणि न दिलेल्या चावीची किंमत मला परत करावी. चावी देताना ती किंमत खुशाल पुन्हा घ्यावी. हातातली चावी बिघडल्यास गाडी गुहागरहून रत्नागिरीपर्यंत ओढून नेण्याचा खर्च कोण सोसणार, हेही त्याच पत्रात स्पष्ट करावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. उत्तर कृपया मराठीत आणि कागदावर पाठवावे. फोनवरचे उत्तर मला पाठ झाले आहे.

आपला,
एक ग्राहक
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी

सोबत: बिलाची आणि डिलिव्हरीच्या कागदाची प्रत