चामुंडीच्या पायऱ्यांवर भेटलेल्या अक्कांना

अक्का, नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. पण देवराज मार्केटात फुलांच्या गाळ्यावर बसणारा तुमचा भाचा फोनवर त्याचं कन्नड करून वाचून दाखवणार आहे, तसं त्याने कबूल केलंय. त्यात यंत्र काय घोळ घालायचा तो घालो. चारचौघांत लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. मी तोंड उघडलं की तुमचा हात हलायचा, "बेडा, बेडा!" म्हणजे नको, नको.

मराठी वाचकांसाठी आधी थोडं सांगून घेते. मी म्हैसूरच्या गोकुलममध्ये योगासाठी राहिले होते. पुण्यात आसनं शिकलेल्या माणसाला म्हैसूर म्हणजे आजोळच. बी. के. एस. अय्यंगार पोरवयात इथेच, बहिणीच्या यजमानांकडे, म्हणजे कृष्णम्माचार्यांकडे शिकले आणि १९३७ साली पुण्यात आले ते कायमचे. पट्टाभि जोइसही त्याच गुरूंचे शिष्य, पण ते म्हैसुरातच राहिले. त्यांच्या अष्टांग पद्धतीसाठी आज जगभरातून लोक गोकुलममध्ये खोल्या भाड्याने घेऊन राहतात, स्कूटरवरून हिंडतात आणि कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याभोवती गर्दी करतात. शिस्त कडक. काळोखात उठायचं, ओळीने बसून आपल्या जागेची वाट बघायची. सुट्टी शनिवारी, शिवाय पौर्णिमा-अमावास्येला. या खेपेला पौर्णिमा रविवारी आल्यामुळे जोडून सुट्टी मिळाली. शनिवार एरंडेल चोपडून नाहण्यात आणि कपडे धुण्यात गेला. रविवारी आमची मंडळी पोहायच्या तलावावर निघाली आणि मी एकटीच चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी गेले. देवीचं देऊळ वर माथ्यावर.

पायऱ्या हजाराच्या घरात. सतराव्या शतकात म्हैसूरचे राजे दोड्ड देवराज वडेयर यांनी बांधलेल्या. अक्का, तुम्ही माझ्या आधी सुरुवात केली होतीत आणि मी तुम्हाला गाठलं, यात माझं कर्तृत्व काही नाही. तुम्ही प्रत्येक पायरीवर वाकत होतात. तीन बोटांनी हळदीचा पट्टा, वर अंगठ्याने कुंकू, मग पुढची पायरी. नवस मुलीसाठीचा होता, एवढंच इथे लिहिते. तुमच्या मागून चालताना पाय कुठे ठेवावा हा प्रश्नच होता. पायरीच्या कडेकडेने, ओलं कुंकू चुकवत मी चढत होते.

आता कुणीतरी म्हणेल की आम्ही चटईवर करतो ते नाटक आणि खरा योग तो हाच. मला तसलं काही म्हणायचं नाही. तुमची कंबर दुखत होती आणि थोड्या थोड्या पायऱ्यांनंतर तुम्ही ते मोठ्याने सांगत होतात. कन्नड येत नसलं तरी कळण्यासारखं होतं.

वाटेतला मोठा दगडी नंदी अजून वर होता. घाम पुसायला मी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तो गेला. माकड कठड्यावर जाऊन बसलं होतं म्हणे. मला फक्त एक राखाडी डाग दिसत होता. माझा नंबर उणे सहाचा आहे. चष्म्याशिवाय खालच्या पायऱ्या म्हणजे एक सलग उतार दिसतो. वर जाता येईना, खाली उतरण्याची तर छातीच होईना. दोनतीन पोरं हसली, एकाने दगड उचलला. तुम्ही त्याला असं काही खडसावलंत की दगड तिथेच पडला. दगड मारला की माकड चष्मा घेऊन झाडावर जातं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

मग तुम्ही टोपली उघडलीत. देवीसाठी आणलेली पाच वेलची केळी होती. त्यातलं एक तुम्ही कठड्यावर ठेवून मागे सरलात. माकडाने केळं घेतलं, चष्मा काही सोडला नाही. दुसरं तुम्ही हातातच धरलंत, नुसतं दाखवत राहिलात. ते घ्यायला त्याला हात रिकामा करावा लागला, आणि चष्मा पायरीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईचा शांतपणा होता तो. देवीच्या आधी माकडाला नैवेद्य झाला म्हणून मी चुटपुटले, तर तुम्ही म्हणालात, "उसको तो रोज मिलता है."

डाव्या काडीचा स्क्रू गेला होता. तुम्ही गजऱ्यातला दोरा काढलात, दाताने तोडलात, बिजागरीच्या भोकातून ओवून तीन गाठी मारल्यात. त्याला मोगऱ्याची एक कळी तशीच राहिली होती, ती मीही काढली नाही. चष्मा तिरका बसत होता पण बसत होता! मग टोपली मी घेतली आणि तुम्ही दोन्ही हात मोकळे ठेवून उरलेल्या पायऱ्या पूर्ण केल्यात. नंदीपाशी थांबलो. एका दगडातला, सुमारे १५ फूट उंच, पण मला त्याच्या सावलीचंच जास्त कौतुक वाटलं. तिथे तुम्ही माझ्या गुडघ्याकडे बघून विचारलंत, योग शिकतेस ना, मग लंगडतेस का? उत्तर मी अजून शोधतेय.

वरचं सगळं भराभर झालं. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग घेतलेला रंगीत महिषासुर, दर्शनाची रांग, उरलेली तीन केळी. मी तुळजापूरचं सांगितलं, तर तुम्ही लगेच रांगेतल्या पुढच्या बाईला माझी ओळख करून दिलीत. काय सांगितलंत कुणास ठाऊक, तिने मला पुढे घेतलं.

उतरताना बस. तिथून तुम्ही घरी जाऊ शकला असतात. नवसाचा दिवस, पोटात सकाळपासून अन्न नाही. तरी मला मार्केटात भाच्याच्या गाळ्यापर्यंत आणून सोडलंत, त्याला माझ्या काडीकडे बोट करून काहीतरी बजावलंत आणि मगच गेलात. त्याने मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याकडून स्क्रू बसवून आणला. तोवर मी शेवंतीच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून, तुमच्याच हुकमावरून, इडल्या खाल्ल्या.

संध्याकाळी सात वाजता राजवाड्याचे दिवे लागले. रविवारी लागतात, ९७ हजारांच्या आसपास बल्ब आहेत. डाव्या काचेवर माकडाच्या दाताचा ओरखडा राहिलाय, त्यामुळे मला अर्ध्या राजवाड्याच्या प्रत्येक दिव्याला शेपूट दिसत होतं. काच मी अजून बदललेली नाही.

एक कामाचं. भाचा सांगत होता की पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा पायऱ्या करणार आहात, आणि त्या दिवशी हळद वरपर्यंत पुरली नाही, शेवटी बोटाला नुसतं कुंकूच लागत होतं. सांगलीची हळद पाठवतेय, दोन किलो, गाळ्याच्या पत्त्यावर. कुंकू तिकडचंच घ्या. भाच्याने पैशांचा विषय काढला तर त्याला माझ्या वतीने "बेडा" सांगा. आणि कंबर एकदा डॉक्टरांना दाखवा, नवसाच्या आधी.

तुमची,
पुण्याची चष्मेवाली