इनामाला पावती फाडलीत, आता उपचाराला फाडा

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, मुंबई-पुण्याला असलेले गावकरी आणि कुस्तीशौकीन मंडळींना यात्रा कुस्ती कमिटी व तालीम मंडळाचा रामराम.

यात्रेच्या मैदानात दोन नंबरच्या कुस्तीत काय झाले ते आपल्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले. आपला पोरगा पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायला, आत शिरला, समोरच्याने वरून एकचाक डाव टाकला आणि दोघांचे वजन घेऊन हा मानेवर आला. पंचांनी कुस्ती थांबवली, हलगी बंद झाली, तरी तो उठेना. घरच्यांच्या इच्छेनुसार त्याचे नाव इथे लिहिलेले नाही. गावात कुणाला ते सांगायची गरजही नाही.

मानेचा मणका सरकून मज्जारज्जूला मार बसला आहे. शस्त्रक्रिया होऊन तो घरी आला आहे. खांदे हलतात, उजवा कोपर वाकतो, पण बोटांत पकड नाही आणि पायांत ताकद नाही. कुस्ती संपली, असे डॉक्टरांनी त्याच्यासमोरच स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा भेटायला जाणाऱ्यांनी ‘पुढच्या यात्रेला लंगोट चढवायचाच’ असला धीर कृपा करून देऊ नये. तुम्ही उठून गेल्यावर त्याला त्याचा त्रास होतो. विनेश फोगाटचे उदाहरणही खूप जण देतात. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिचा गुडघा गेला आणि 2018 साली जकार्ताला तिने आशियाई सुवर्ण मारले, हे खरे. पण तो गुडघा होता, ही मान आहे.

यात दोष कुणाचा नाही, हेही एकदा लिहून टाकतो, कारण पारावर नाही नाही ते बोलले जात आहे. डाव नियमातला होता. समोरचा पैलवान दवाखान्यात येऊन बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. निधीच्या पुस्तकातली पहिली पावती त्याच्याच तालमीच्या नावाने फाटली आहे.

शस्त्रक्रियेचा बराचसा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. अडचण घरी आल्यानंतरची आहे. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात आणि त्या चिघळल्या की जिवावर बेततात. नव्वद किलोचा गडी, आईला एकटीला कसा हलणार? सध्या तालमीतली पोरे पाळी लावून झोपायला जातात. एक जण खांद्याखाली हात घालतो, दुसरा कमरेखाली, तिसरा लघवीची नळी आणि पिशवी सांभाळतो. वस्तादांनी त्यांना हे डावासारखे घोटून शिकवले आहे. पण परीक्षा आल्या, सुगी आली की ही पोरे किती दिवस पुरणार?

निधी लागणार आहे तो हवेची गादी, वर-खाली होणारा पलंग, व्हीलचेअर, दारात उतार, संडासाचे रुंद दार, लघवीच्या नळ्या आणि औषधे यांसाठी. सगळ्यात मोठा खर्च घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा आहे. अशा दुखापतीत हातापायांत जे काही परत येते, त्यातले बरेचसे पहिल्या वर्षभरात येते, म्हणून त्याबाबतीत थांबून चालणार नाही. वर्षभराचा मिळून साडेतीन लाखांचा अंदाज आहे. म्हैस विकून झाली आहे. किताब मिळवलेल्या मल्लांना शासनाचे मानधन असते. यात्रा-जत्रांत पाच-दहा हजारांच्या जोडी खेळणाऱ्याचे नाव मात्र कुठल्याच यादीत नसते.

आपल्या भागाला हे नवे नाही. 1952 साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि परत आल्यावर कुस्त्यांचे मैदान भरवून ते कर्ज फेडले. आपण कुणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही. यात्रेला इनामाची जेवढी पावती फाडता, तेवढीच आणखी एक फाडा, एवढेच मागणे आहे.

पैशाशिवायही करण्यासारखे खूप आहे. महिन्यातून दोन रात्री जो देऊ शकेल त्याने तालमीतल्या वहीत नाव लिहावे. गवंडी-सुतार मंडळींनी उताराचे आणि दाराचे काम अंगावर घेतले तर तेवढे पैसे वाचतील. वापरलेली पण धड असलेली व्हीलचेअर कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कळवा. बदाम, तूप, थंडाईचे सामान मात्र आणू नका. खुराक म्हणून प्रेमाने आणता हे कळते, पण व्यायाम बंद आहे आणि वजन वाढले तर त्याला उचलणाऱ्यांचे हाल होतात. फळे आणा.

दिवाळीनंतर त्याच्या मदतीसाठी गावात निकाली (चितपट होईपर्यंतच्या) कुस्त्यांचे मैदान भरवायचे ठरले आहे. त्या मैदानात आणि इथून पुढे प्रत्येक यात्रेत रुग्णवाहिका जागेवर आल्याशिवाय पहिली जोड लागणार नाही. मानेचा पट्टा आणि आडवे उचलायची फळी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला राहील. मानेवर पडलेल्याला काखेत हात घालून बसते करणे, मान झटकणे, पाणी पाजणे यातले काहीही करायचे नाही. डॉक्टर येईपर्यंत डोके-मान आहे तशी धरून ठेवायची. पंचांना आणि वस्तादांना हे मैदानाआधी करून दाखवले जाईल. 2018 साली पन्हाळा तालुक्यात यात्रेच्याच कुस्तीत मानेला मार लागून एक कोवळा पैलवान गेला. तेव्हा आपण सगळे हळहळलो, आणि पुढच्या यात्रेला पुन्हा तसेच मैदान भरवले.

निधीचे खाते कमिटी आणि त्याच्या वडिलांच्या संयुक्त सहीचे आहे. खाते क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि तालमीच्या दारावर लावला आहे. बाहेरगावच्यांनी तो आपल्या घरच्यांकडून मागवावा. अंथरुणावरच्या पोराचा फोटो आणि स्कॅनर टाकून कुणी मोबाईलवर पैसे मागत असेल तर देऊ नका, तो कमिटीचा माणूस नाही. रोख देणाऱ्याने शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय जाऊ नये, मग रक्कम शंभराची असली तरी. जमाखर्च दर ग्रामसभेत वाचला जाईल.

आपले,
यात्रा कुस्ती कमिटी व तालीम मंडळ