जेड वाचवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी मी ते जेड, म्हणजे जाड, रसाळ पानांचं कुंडीतलं झाड, घेऊन तुमच्या दारात आले, तेव्हा त्याचा बुंधा मऊ पडला होता. नुसता हात लागला तरी पानं गळत होती. मैत्रिणीने गाव सोडताना माझ्या हाती सोपवलेलं झाड, आणि मी त्याला मायेने रोज पाणी घालत होते. तुम्ही रागावला नाहीत. कुंडी उलटी करून मुळं दाखवलीत, काळी, लिबलिबीत. मग सुरीने खोड कापत वर गेलात, आतला भाग स्वच्छ हिरवा लागेपर्यंत. दोन फांद्या उरल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तुम्ही त्या फांद्या वर्तमानपत्रावर सावलीत ठेवून दिल्यात. काप पुरता सुकेपर्यंत, चांगले आठ दिवस!

त्या आठ दिवसांत मी तीनदा येऊन विचारलं, ‘मरणार नाहीत ना?’ दर वेळी तुम्ही एक पान माझ्या बोटांत दिलंत. ते टणकच होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या खडकाळ उतारांवरचं हे झाड पाणी पानांत साठवतं, पानांवरची छिद्रं रात्रीच्या गारव्यात उघडतं आणि दिवसा मिटून घेतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. आजही पाणी घालण्याआधी मी पान दाबून बघते. किंचित सुरकुतलं असेल तरच घालते.

बोन्साय करायचं म्हणून मी तार आणली, तेव्हा तुम्ही हात धरलात. रसाळ फांदीत तार रुतते, वण राहतो. जेडला आकार द्यायचा तो कात्रीने. पान गळाल्यावर खोडावर जे वळं उरतं, त्याच्या जरा वर कापायचं आणि वाट बघायची. तिथे बहुधा दोन डोळे फुटतात. पहिला शेंडा कापताना मला फार जड गेलं होतं. आज त्याच जागी सर्वांत देखणा फाटा आहे.

गेल्या महिन्यात मुळं धरलेली एक फांदी छोट्या कुंडीत लावून त्या मैत्रिणीला भेट पाठवली. तुमचा पहिला प्रश्न होता, ‘तिच्याकडे मांजर-कुत्रं नाही ना?’ मांजर आहे, आणि मांजर-कुत्र्यांना जेड बाधतं. म्हणून सोबतच्या चिठ्ठीत पहिली ओळ तीच लिहिली: मांजर पोचणार नाही अशा उंच, भरपूर उजेडाच्या जागी ठेव.

फोनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं झाड आहे अजून?’

आहे, काकू. तुमच्यामुळे आहे.

आता थोरल्या झाडाला बुंध्याशी दोन नवे डोळे फुटलेत. ठेवू की खुडू? रविवारी कुंडी घेऊन वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची